गार्गीची गाठ आणि आजीचा फोन

डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली आणि पेनाच्या टोकाने डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या जरा वर, एक गोल दाखवला.

"ये रही," ते म्हणाले.

माझी लेक गार्गी बाहेर बाकावर तिच्या आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. नऊ वर्षांची मुलगी भर दुपारी त्या गोंगाटात झोपते, याचंही मला तेव्हा नवल वाटलं नाही. दमली असेल, एवढंच मनात आलं.

ब्रेन ट्यूमर, म्हणजे मेंदूतली गाठ. तिची जागा सेरेबेलममध्ये. सेरेबेलम म्हणजे छोटा मेंदू, जो चालताना आपला तोल सांभाळतो आणि लिहिताना हात वळणावर ठेवतो. गाठीने मेंदूतलं पाणी वाहायची वाट अडवली होती, त्यामुळे पाणी आतच साचत होतं. याला हायड्रोसेफॅलस म्हणतात. आडवं झोपल्यावर डोक्यातला दाब वाढतो, म्हणून डोकेदुखी आणि उलटी सकाळी उठल्या उठल्या होते. डॉक्टरांनी हे सगळं नीट समजावलं. मग विचारलं, "कब से चल रहा है?"

"डेढ़-दो महीने से."

"और आपने क्या किया?"

"मोबाइल बंद किया, सर."

त्यांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. हे लिहिताना आजही मान खाली जाते. पण लिहायचं ठरवलंय ते याच उत्तरासाठी, कारण हेच उत्तर आणखी कोणाच्या तरी घरी आज दिलं जात असेल.

मी जबलपूरच्या एका सरकारी कारखान्यात इन्स्पेक्शन सेक्शनला आहे. एकोणीस वर्षं झाली. यंत्रावरून उतरलेला माल मापायचा, बसला तर पास, नाही तर रिजेक्ट. रिजेक्ट मालाला एक चिठ्ठी बांधायची असते आणि त्या चिठ्ठीवर कारणाचा रकाना असतो. तो रिकामा चालत नाही. 'माहीत नाही' असं लिहिलं तर चिठ्ठी परत येते. काहीतरी लिहावंच लागतं, आणि एकदा लिहिलं की सगळे मोकळे होतात. इतकी वर्षं हे काम केल्यावर माणूस घरीही तसाच वागतो. दूध नासलं, पंखा बंद पडला, मूल आजारी पडलं, की आधी मी रकाना भरतो.

गार्गीचं डोकं दुखायला लागलं तेव्हा तो भरायला मला एक मिनिटही लागलं नाही.

आमच्याकडे फोनचा एक वेगळाच कारभार होता. माझी आई वर्ध्याला माझ्या मोठ्या भावाकडे, दादाकडे राहते. तीन वर्षांपूर्वी तिकडे एका लग्नात गार्गीने सगळ्या नातेवाइकांना हिंदीत उत्तरं दिली. तिला मराठी कळतं सगळं, पण शाळा हिंदी, शेजार हिंदी, खेळ हिंदी. कोणीतरी हसलं, "हे पोरगी त पक्की जबलपुरी झाली!" मला ते फार लागलं. परत आल्यावर मीच आईला सांगितलं, रोज संध्याकाळी सहाला तू फोन कर आणि तिच्याशी मराठीत बोल. आईला वेगळा फोनही मीच घेऊन दिला.

आईने ते काम अगदी मनावर घेतलं. रोज सहाच्या ठोक्याला फोन. अर्धा-पाऊण तास. त्यात आईचा एक नियम होता: गार्गीच्या तोंडून हिंदी शब्द आला की आईला काहीच ऐकू येत नसे.

"आजी, आज मी लौकी की सब्जी खाल्ली."

"मले नाही समजलं बाई."

"अरे, लौकी! लौकी!"

"मले नाही समजलं."

मग गार्गी वैतागून मला विचारायची, आणि "दुधीची भाजी" असं म्हटलं की पलीकडे आजीला एकदम सगळं समजायचं. वास्तविक आई दुपारभर हिंदी मालिका बघते आणि त्यातल्या सुनांना शिव्या घालते, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक. गार्गीलाही ठाऊक. पण खेळ म्हणजे खेळ. फोन कान आणि खांदा यांच्यात दाबून, दोन्ही हातांनी चित्र काढत ती बोलत बसायची. वर्षभरात पोरगी "काय करून राह्यली आजी?" असं अस्सल विचारायला लागली आणि माझी छाती फुगली.

गेल्या मार्चमध्ये ती सकाळी उठून म्हणाली, "पापा, सिर दुखून राहिलं."

शाळेत जायच्या आधी उलटी झाली. उलटीनंतर बरं वाटलं. दोन दिवसांनी परत तसंच. बायकोला, मीनलला, वाटलं ॲसिडिटी. मला वाटलं शाळा बुडवायचे बहाणे. मग ती फोनवर खेळ खेळते हे आठवलं आणि मी म्हटलं, दुसरं काही नाही, मोबाईल. ज्याला सांगावं तो मान डोलवायचा. शेजारी म्हणाले मोबाईल, शाळेतल्या बाई म्हणाल्या मोबाईल, औषधाच्या दुकानातल्या भैयानेही गोळी देता देता तेच सांगितलं. मी खेळ बंद केले. फक्त आजीचा फोन ठेवला.

मग तिची मान एका बाजूला कलायला लागली. मी म्हटलं, फोन खांद्यात धरून धरून लागलेली सवय. "सरळ कर मान," असं दिवसातून दहा वेळा ओरडलो. अक्षर बिघडलं, ओळ सोडून वर जायला लागलं. म्हटलं, लक्ष नाही. दारातून जाताना चौकटीला खांदा घासायचा. म्हटलं, धांदरट.

मध्ये आठवडाभर उलटी झाली नाही. मी घरभर सांगत फिरलो, "पाहा, मोबाईल बंद केला आणि फरक पडला."

शेवटी तिच्या वाढदिवसाच्या फ्रॉकसाठी आम्ही बड्या फुहाऱ्याला, मोठ्या कारंज्याच्या चौकातल्या बाजारात, गेलो होतो. दुकानातून बाहेर पडताना तिने माझा हात घट्ट धरला. "पापा, दोन-दोन फुहारे काहून दिसून राहिले?"

मी चष्म्याच्या विचाराने तिला राईट टाउनमधल्या डोळ्यांच्या डॉक्टर बाईंकडे नेलं. त्यांनी थेंब टाकून डोळ्याच्या आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. पॅपिलेडीमा, म्हणाल्या, म्हणजे डोळ्यामागच्या नसेला आलेली सूज. ती बहुतेक वेळा डोक्यातल्या दाबामुळे येते. "चश्मा नहीं लगेगा. आज ही एमआरआय कराइए. कल नहीं, आज." त्या बाईंचे उपकार मी कोणत्या जन्मी फेडणार आहे कोण जाणे. आम्ही त्यांच्याकडे चष्मा मागायला गेलो होतो.

तर फिल्म पाहून मी बाहेर आलो. दुपार टळत होती. मीनलला दोन वाक्यांत सांगितलं. ती रडली नाही, नुसती गार्गीचे केस मागे सारत राहिली. मी कॉरिडॉरच्या टोकाला गेलो आणि आईला फोन लावला.

"काय निघालं रे?" आईने विचारलं.

मी म्हणालो, "गाठ निघाली मेंदूत. तुझ्या फोननं झालं. रोज पोरीच्या कानाला फोन लावून बसवत होती ना तू तासभर, त्यानं झालं."

आई "बरं" म्हणाली आणि फोन बंद झाला.

सांगितलं ना, रकाना भरला की माणूस मोकळा होतो. मला त्या क्षणी खरोखर जरा हलकं वाटलं. हे कबूल करायला लाज वाटते, पण आता लपवून काय करू?

त्या दिवसापासून सहाचा फोन थांबला. दादा बातमी विचारायचा. आईशी बोलू दे म्हटलं तर म्हणायचा, "ते फोनले हातच नाही लावत. आपला फोन बंद करून कपाटात ठेवून देला तिनं. विचारलं त म्हणते, मले नको."

ऑपरेशन तिसऱ्या दिवशी ठरलं. आधी सूज उतरायची औषधं, रक्ताच्या तपासण्या, सह्यांचे कागद. गार्गीच्या डोक्याचा मागचा भाग भादरला तेव्हा तिने आरसा मागितला नाही, आजी फोन का करत नाही ते विचारलं. मी म्हटलं, आजीचा फोन खराब झालाय.

साडेसहा तास लागले. ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकांवर मंडल्याहून आलेली एक बाई आपल्या नवऱ्यासाठी बसली होती. तिने आम्हाला विचारलं, "बच्ची को क्या हुआ?" मीनलने सांगताच ती म्हणाली, "मोबाइल देखती होगी." मीनल उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. मला त्या बाईचा राग आला नाही, कारण तिच्या तोंडून मीच बोललो होतो.

गाठ पूर्ण निघाली. संध्याकाळी डॉक्टर मास्क खाली करून आम्हाला भेटले. ते इतके थकले होते की भिंतीला टेकून बोलत होते. गाठ दिसायला चांगल्या जातीची वाटते, म्हणाले, पण बायोप्सी, म्हणजे गाठीच्या तुकड्याची तपासणी, झाल्याशिवाय पक्कं सांगणार नाही. मी आभार मानले आणि लगेच विचारलं, "सर, ये फ़ोन से ही हुआ ना?"

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, चिडणार. पण ते हळूच म्हणाले, "देखिए, फ़ोन कम दीजिए. आँखों के लिए, नींद के लिए, पढ़ाई के लिए. इसमें मैं आपके साथ हूँ. पर यह गाँठ फ़ोन से हुई, यह मैं नहीं लिख सकता. ऐसा पक्का कुछ निकला नहीं है अब तक. ज़्यादातर बच्चों में हमें पता ही नहीं चलता कि क्यों हुई."

"कुछ तो कारण होगा, सर."

"होगा. मुझे नहीं मालूम." आणि मग जाता जाता थांबून, "दो महीने की उल्टी आपने फ़ोन के खाते में डाल दी, वह मुझे मालूम है."

त्या रात्री तिने पाणी मागितलं. स्पष्ट "पाणी" म्हणाली, सिस्टरने आम्हाला मुद्दाम येऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला आत सोडलं तेव्हा ती डोळे उघडून पडली होती. मीनलने हाक मारली. डोळे वळले, ओठ हलले नाहीत. दुपारीही नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

याला सेरेबेलर म्युटिझम म्हणतात. या भागाच्या ऑपरेशननंतर काही मुलांचं बोलणं एक-दोन दिवसांत अचानक बंद होतं. घसा ठीक असतो, कानही ठीक असतात, बोलायची इच्छाही असते, पण छोट्या मेंदूकडून निघालेला निरोप जिभेपर्यंत पोचत नाही. बहुतेक मुलं पुढे बोलतात. किती दिवसांनी आणि किती पूर्ववत, ते कोणीच सांगत नाही. "रास्ता बंद है, खुलेगा," डॉक्टर म्हणाले. "आप लोग बोलते रहिए. जो बातें वह रोज़ सुनती थी, वही."

आम्ही बोलत राहिलो. पुस्तकातले धडे वाचले, मैत्रिणींची नावं घेतली, फ्रॉक दाखवला. ती बारीक आवाजात कण्हायची, कधी विनाकारण रडायची, आणि परत छताकडे बघायची. बोलणाऱ्याच्या तोंडातले शब्दही संपतात हे मला तिथे कळलं. सहाव्या-सातव्या दिवसानंतर मी नुसता हात धरून बसायला लागलो. कंटाळा आला होता असं म्हटलं तर वाईट दिसेल, पण थकवा आणि कंटाळा यांच्यात फार अंतर नसतं.

बायोप्सीचा रिपोर्ट आला. पायलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमा, ग्रेड वन. म्हणजे फार सावकाश वाढणारी, पसरत न जाणारी गाठ. पूर्ण निघाली असेल तर बहुतेक वेळा पुढची औषधं लागत नाहीत, फक्त ठरावीक काळाने एमआरआय करत राहायचा. मी रिपोर्ट दोनदा वाचला. त्यात सगळं होतं, पेशी कशा दिसतात, रंग कोणता धरतात. कारण कुठेच नव्हतं.

ऑपरेशननंतर तेराव्या दिवशी साडेपाचला भेटायची वेळ सुरू झाली तेव्हा मीनल मला म्हणाली, "अहो, आज आईंना फोन लावा."

"ती घेत नाही."

"दादांच्या फोनवर लावा. गार्गी रोज काय ऐकायची? तुमचे धडे? सहा वाजले की ती दाराकडे पाहते, तुम्ही पाह्यलं नाही काय?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी काय बोलले ते ऐकलं मी. माफी तुम्हाले जेव्हा मागाची तेव्हा मागा. आज फोन लावा."

मी दादाला फोन केला. तो आईपाशी गेला. फोनमधून मला सगळं ऐकू येत होतं. आई म्हणत होती, "नाही नाही, माह्यानं नाही होत. अजून काही झालं पोरीले त?" दादा समजावत होता. मग मी मोठ्याने म्हणालो, "आई, डॉक्टर म्हणतात फोननं नाही झालं." हेही मी किती कोतेपणाने बोललो बघा. डॉक्टर म्हणतात. मी चुकलो असं नाही म्हणालो.

शेवटी आई म्हणाली, "तिच्या कानाले नको लावू मंग. दूर ठेव. खूप दूर."

मी फोन स्पीकरवर टाकून पलंगाशेजारच्या लोखंडी कपाटावर ठेवला, पायाच्या बाजूला. सहा वाजत आले होते.

"गार्गी बेटा," आई म्हणाली, आणि मी चमकलो. आई हिंदीत बोलत होती. "मैं आजी. तुम कैसा है? बहुत दर्द होता है? मैंने आज अंबाडी का भाजी किया. एकदम आंबट हो गया. दादा ने नहीं खाया, तोंड वाकडा किया."

तिचं हिंदी ऐकवत नव्हतं. शब्द शोधून शोधून बोलत होती.

"अब हम हिंदी में ही बोलेंगे बेटा. मराठी का कुछ जबरदस्ती नहीं. तुमको जो अच्छा लगता है वो बोलो. आजी तुमको कभी तंग नहीं करेगी. आजी का चुकी हो गया."

मीनलने तोंडाला पदर लावला. मला तो फोन उचलून बंद करावासा वाटला. तेवढ्यात गार्गीचे डोळे छतावरून खाली आले, पायाकडच्या कपाटावर येऊन थांबले. कपाळावर आठी पडली. ओठ एकमेकांवर घासले जात होते, जीभ बाहेर येऊन आत जात होती.

"ना... ही," ती म्हणाली. आवाज सपाट, एकेक अक्षर ओढत. "सम... जलं."

फोनमधून दादाचा आवाज, "आई, ऐकलं काय तू?"

"मले," गार्गी पुन्हा म्हणाली, चिडून, "नाही... समजलं."

आईला तिकडे हुंदका आला की हसू, ते मला आजही सांगता येत नाही. "काय नाही समजलं माय माही?" ती म्हणाली. "अंबाडीची भाजी केली म्या आज. आंबट झाली. आता समजलं?"

गार्गीने डोळे मिटले. तेवढंच बोलणं झालं त्या दिवशी.

याला आता आठ महिने झाले. बोलणं परत आलंय, जरा संथ आहे, गाण्याच्या चालीवर बोलल्यासारखं. चालताना अजून भिंतीला हात लावते. फिजिओथेरपी, म्हणजे व्यायामाचे उपचार, आठवड्यातून चार दिवस. शाळेत अर्धा दिवस जाते. दोन एमआरआय स्वच्छ आले, तिसरा पुढे आहे आणि त्याची तारीख जवळ आली की आमच्या घरात कोणी नीट जेवत नाही. हे असंच राहणार आहे, कित्येक वर्षं. बरं झालं असं म्हणून कागद फाडता येत नाही.

तुमच्या घरी लहान मूल असेल आणि ते सकाळी सकाळी डोकं दुखतं म्हणत असेल, उलटी करत असेल, मान कलती धरत असेल, चालताना धडपडत असेल, अक्षर बदललं असेल, एकाचे दोन दिसतात म्हणत असेल, तर डॉक्टरांकडे न्या. बहुतेक वेळा काही नसतं. पण ते त्यांना ठरवू द्या. फोन कमी करायचा तर जरूर करा, आम्हीही केलाय. फक्त तो कमी केला म्हणजे उपचार झाला, असं समजून बसू नका. मी बसलो होतो.

डिस्चार्जनंतर आई दोन महिने आमच्याकडे येऊन राहिली. एका दुपारी ती लसूण सोलत बसली होती, गार्गी आत झोपली होती. मी कित्येक दिवस जुळवून ठेवलेलं वाक्य बोललो. म्हटलं, आई, त्या दिवशी मी जे बोललो ते खोटं होतं. फोन मीच घेऊन दिला होता, वेळही मीच ठरवली होती, आणि दोन महिने तिचं दुखणं अंगावर काढलं तेही मीच. माझं चुकलं.

आईने मान वर केली नाही. पाकळीचं साल काढत म्हणाली, "तुले तेव्हा कोणावर तरी टाकाचंच होतं बाबू. मले समजत नाही काय? माह्यावर टाकलं ते बरं केलं. मीनलवर टाकलं असतं त पोरीजवळ कोण बसलं असतं?"

मी तिच्याजवळ खाली बसलो आणि तिच्यापुढचा लसणाचा गड्डा उचलून सोलायला लागलो.